खडकवाडीचा हिप्पी

पद्माकर शेळकेला त्या संमेलनातून काय काय सुटणार होतं, ते मी पहिल्याच दिवशी मनाशी मांडून ठेवलं होतं. एक म्हणजे त्याच्या पोराला, ओंकारला, चाकणला नोकरी. दुसरं, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात एक फोटो. तिसरं, तयारीच्या नावाखाली दोन महिने घराबाहेर राहायची मोकळीक. त्याच्या विमलची जीभ ज्यांना माहीत आहे, ते या तिसऱ्या लाभाला पहिला नंबर देतील. आणि गुंतवणूक काय, तर केस. तेही कापायचे नव्हते, नुसते वाढू द्यायचे होते. इतका स्वस्त धंदा मी तोवर पाहिला नव्हता.

मार्च महिना होता, सन २०१६. सकाळचं गिऱ्हाईक उरकून मी दुकानात परकराची कापडं घडी घालत बसले होते. सोनतळ्याच्या बाजारपेठेत माझ्या सासरचं कापडाचं दुकान आहे, आणि नवरा गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. पद्माकर आला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "बघ."

"काय बघू?"

"मागून बघ ना."

मागून त्याचे केस कॉलरच्या खाली बोटभर उतरले होते. वरती चंद्र आणि खाली झालर.

"विमलनं घरातून काढलं का तुला?"

"अगं, हे अठ्ठ्याहत्तर साल आहे!" तो वळला. दोन्ही कानांवर केस ओढून बसवले होते आणि कल्ले जबड्यापर्यंत आणले होते. कल्ल्यांना मेंदी लावलेली. "आपली नववी ब. संमेलनाला सगळ्या पुरुषांनी त्या वेळच्या केसांत यायचं. ग्रुपवर टाकलंय मी. तू वाचत नाहीस."

ग्रुपवर तो रोज चाळीस गोष्टी टाकायचा. त्यातल्या अडतीस सुप्रभातच्या असायच्या.

"आणि बायकांनी?"

"दोन वेण्या, लाल रिबिनी."

"माझी वेणी आता करंगळीएवढी राहिलीय. तिच्या दोन केल्या तर रिबिनीच दिसतील. मला जमायचं नाही."

"तू नेहमी असं मोडता घालतीस."

खरं सांगायचं तर ती कल्पना त्याची नव्हतीच. गावातल्या पोरांनी त्या वर्षी पुन्हा कान झाकायला सुरुवात केली होती. आमच्या वेळी ज्या केसांवरून घरोघरी जोडे उठले, तेच केस आता सुनीलच्या सलूनमध्ये पैसे देऊन राखून घेत होते. ओंकार तर टाळूवर छोटासा अंबाडा बांधायचा. एकदा माझ्या दुकानात लुगडं घ्यायला आलेल्या म्हातारीने त्याला पाठमोरा पाहून विचारलं होतं, "पोरगी कुणाची? उंच हाय."

पद्माकर स्टुलावर बसला. आता मूळ माल बाहेर येणार, हे मला कळलं.

"लहू खंडागळे आठवतो का?"

माझा हात घडीवर थांबला. "खडकवाडीचा?"

"तोच. चाकणला दोन शेड आहेत त्याच्या. टेम्पोच्या बॉड्या बनवतो. तीनशे माणूस आहे कामाला, तीनशे! आपला ओंकार डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसलाय. चौदा ठिकाणी अर्ज केले. आता वय निघून चाललंय गं त्याचं." हे बोलताना त्याचा आवाज खरा होता. पुढच्या वाक्याला परत मंचावर चढला. "म्हणून म्हटलं, संमेलन लहूच्या सन्मानात करायचं. हिप्पी कटची थीमच त्याच्यासाठी आहे. आपल्या बॅचचा पहिला हिप्पी तो!"

"तो आपल्या बॅचचा कुठाय? नववीतच गेला शाळेतून. आपली बॅच दहावीची."

"मन मोठं पाहिजे, निर्मला."

"त्याचे शेड छोटे असते तर तुझं मन किती मोठं असतं?"

त्याने ऐकलं नाही. त्याला ती गोष्ट सांगायची होती, आणि ती तो गेली अडतीस वर्षं दर लग्नात, दर मयतीत सांगत आला होता. नववीत टाकसाळे सरांनी एक दिवस सहा पोरांना मैदानावर उभं केलं. मोठी कातर घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावरून कपाळापासून मागेपर्यंत एकेक पट्टा मारला आणि सांगितलं, उद्या नीट कापून आलात तरच वर्गात पाऊल ठेवायचं. पाच जण शेपूट घालून वारकाकडे गेले. आमच्याकडे न्हाव्याला वारीक म्हणतात. पद्माकर त्या पाचांतला. सहावा लहू. तो परत आलाच नाही.

"केसांसाठी शाळा सोडली पठ्ठ्यानं!" पद्माकरने मांडीवर थाप मारली. "आहे का कुणात एवढी धमक? आपण सगळे भित्रे. तू फोन कर त्याला."

"मी का?"

"मी केला तर कामासाठी केला असं वाटेल."

"मग कशासाठी करायचाय?"

"कामासाठीच. पण वाटायला नको."

मी फोन केला. पद्माकर समोरून उठेना, म्हणून केला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पलीकडे लोखंड घासल्याचा आवाज येत होता. "हॅलो, लहू का? मी निर्मला. सोनतळ्याची. कुलथ्यांची, सोनाराची."

आवाज लांब गेला. दार लोटल्यासारखं वाटलं. "यादीवाल्या?"

"कसली यादी?"

"वर्गात तुम्ही यादी लिहायच्या ना. बोलणाऱ्यांची, उशिरा येणाऱ्यांची. अक्षर फार चांगलं होतं तुमचं."

"अजून आहे," मी म्हणाले. कौतुक केलं की मी लगेच मऊ पडते, हा आमच्या खानदानाचाच दोष. मग मी संमेलनाचं सांगितलं. तारीख पंधरा मे, रविवार, शाळेचा हॉल. सगळे जुन्या केसांत येणार आहेत. "पद्माकर म्हणतो, तू आमचा हिप्पी. तुझ्याशिवाय मजा नाही."

"हिप्पी," तो म्हणाला. थोडा हसला. "टाकसाळे सर येणारेत का?"

"येणारेत. ब्याऐंशी झालेत, पण ताठ आहेत."

"मग येतो मी, ताई."

मी त्याला 'तू' म्हणत होते आणि तो मला 'तुम्ही'. फोन ठेवल्यावर ते माझ्या लक्षात आलं. पद्माकरच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. तो दुकानात नाचायचाच बाकी होता.

पुढचे दोन महिने मला त्या केसांनी जीव नकोसा केला. एप्रिलच्या उन्हात आमच्या भागात डांबर वितळतं, आणि पन्नाशी ओलांडलेले हे आठ-नऊ गृहस्थ मानेवर केस घेऊन हिंडत होते. घामोळ्यांची पावडर गावात मिळेनाशी झाली. सुनील मला सांगायचा, "काकू, ह्यांचे केस खाली वाढतात, वर उगवत नाहीत. मी काय करू? म्हणतात, मागं ठेव आणि पुढं दिसू दे. पुढं आणू कुठून?" माझा चुलतभाऊ अरुण, आमच्याच वर्गातला, चाळिशीतच गुळगुळीत झालेला. त्याने लातूरहून टोप मागवला. तो घालून पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्याच कुत्र्याने त्याला दारात अडवलं.

वैताग म्हणजे, यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण तरुण दिसतो.

मग पद्माकरने कार्यक्रमात कातर घातली. टाकसाळे सरांच्या हातात कातर द्यायची, लहूला पुढे बोलवायचं, सरांनी गमतीने त्याची एक बट कापायची, मग बाकीच्यांची. हशा, फोटो, आणि लहू खूश झाला की जेवताना ओंकारचं काढायचं. असा त्याचा बेत.

"कशाला?" मी म्हणाले. "माणसाला एकदा कापलं, परत कशाला?"

"अगं गंमत! त्यालाही आवडेल. मोठी माणसं अशा आठवणींवर फिदा असतात."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं तर सरप्राइज कसं राहील?"

आम्ही दोघं सरांकडे गेलो. सर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. पद्माकरला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मलाही ओळखलं. "कुलथे. मोत्यासारखं अक्षर." पट्टा मारल्याची गोष्ट काढल्यावर खुलले. "मग काय! दहशत होती माझी. शेळके, तू रडला होतास."

"लहू खंडागळेही येतोय, सर."

"खंडागळे?" सरांनी चष्मा काढून पुसला. "कोण खंडागळे?"

"सहावा, सर. हिप्पी."

"असेल," सर म्हणाले.

पंधरा मेला हॉलमध्ये पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. पद्माकरने जांभळा शर्ट घातला होता, कॉलर कानाला टेकणारी. अरुण टोपाखाली घामाने निथळत होता, पण काढायला तयार नव्हता. चार बायका खरंच रिबिनी बांधून आल्या होत्या, आणि मी बांधल्या नाहीत म्हणून माझ्याकडे रागाने बघत होत्या. दर पाच मिनिटांनी पद्माकर फाटकाकडे जाऊन यायचा. ओंकारला त्याने इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं, नवरदेव दाखवायला बसवतात तसं.

साडेअकराला एक साधी पांढरी गाडी आली. लहू स्वतः चालवत आला होता.

त्याच्या डोक्यावर केस असे नव्हतेच. पांढरे, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे. कानाच्या वरची रेघ दोरी धरून आखल्यासारखी.

पद्माकरचा चेहरा पडला. "अरे लहू! केस कुठायत?"

"कापले."

"आजच्या दिवशी?"

"दर पंधरा दिवसांनी कापतो. पस्तीस वर्षं झाली, चुकवत नाही." त्याने आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून नजर फिरवली. अरुणवर जरा थांबली. "तुम्ही मात्र छान वाढवलेत."

"तुझ्यासाठी रे! तुझ्या सन्मानात."

"हो का?" लहू म्हणाला.

स्वागत झालं, शाल-श्रीफळ झालं. मग पद्माकरने माईक घेतला आणि ती गोष्ट सांगितली, नेहमीपेक्षा लांबवून. केसांपायी शाळेवर लाथ मारणारा आमचा वाघ. आज ज्या फॅशनसाठी आमची पोरं सलूनमध्ये रांगा लावतात, ती या तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी आणणारा एकटा लहू. लोक हसत होते. लहू पहिल्या रांगेत हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, वर्गात बसल्यासारखा.

स्टूल मांडलं. सरांच्या हातात कातर दिली, तिला लाल रिबीन बांधलेली होती. लहू उठला, स्टुलावर येऊन बसला आणि मान पुढे केली. पद्माकरने त्याच्या तोंडाजवळ माईक धरला, काहीतरी मजेदार येईल म्हणून.

"कापा, सर," लहू म्हणाला. "पण आधी एक सांगा. नंतर मी जायचं कुठं?"

सर हसले. "कुठं म्हणजे? वारकाकडं. नीट करून यायचं, तरच वर्गात."

"हां. तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता." त्याचा आवाज साधा होता, पण माईकमुळे भिंतीपर्यंत जात होता. "मी गेलो होतो, सर. त्याच दिवशी. डोक्याला टॉवेल गुंडाळून. स्टँडसमोर दगडूअण्णांचं दुकान होतं. अण्णांनी विचारलं, कुणाचा रे तू? म्हटलं, खडकवाडीच्या बाबू खंडागळ्याचा, मांगवाड्यातला. त्यांनी कातर फडक्यात गुंडाळून ठेवली. म्हणाले, आज धार नाही."

मागे कुणीतरी हसलं. त्याला थांबायला वेळ लागला.

"दुसऱ्या दिवशी परत गेलो. दुसऱ्या दिवशीही धार नव्हती. पण खुर्चीत पद्माकर बसला होता आणि कातर चालू होती." लहूने मान वळवून वर बघितलं. "काय रे पद्माकर, आठवतं का? मी दारात होतो."

पद्माकर म्हणाला, "मी... मला वाटलं, तू नंबर लावून उभायस."

"लावलाच होता."

सरांनी कातर खाली घेतली. "पण मग घरी कुणी..."

"घरी आजी होती. तिला दिसत नव्हतं. आई-बाप दसऱ्यालाच कारखान्यावर गेले होते, ऊस तोडायला. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांचे केस बापच कापायचा, धनगराकडून मेंढ्यांची कातर मागून आणून. आम्हाला दुसरं कोण कापणार? बाप नव्हता म्हणून तर वाढले होते, सर. मी नव्हते वाढवले. हिप्पी हा शब्द मला तुमच्याकडूनच कळला. घरी जाऊन आजीला विचारलं, हिप्पी म्हणजे काय गं? ती म्हणाली, शिवी असंल, लक्ष देऊ नको."

एक पंखा तेवढा कुरकुरत होता.

"बाप चैत्रात आला. त्यानं कापले. तोवर तुमची परीक्षा होऊन गेली होती."

"तू मला सांगितलं का नाहीस?" सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम ब्याऐंशी वर्षांचा झाला होता.

"नीट झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही, असं तुम्ही म्हणाला होता. नीट झालं नव्हतं, सर."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आणि त्या शांततेत पद्माकरने, ज्याला आयुष्यात शांतता कधीच सोसली नाही त्या पद्माकरने, माईक स्वतःच्या तोंडाशी नेला आणि म्हणाला, "तर मंडळी, लहूसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आम्ही वाजवल्या. सांगायला लाज वाटते, पण मीही वाजवल्या. हातांना काहीतरी करायचं होतं.

मला वाटलं, आता हा माणूस गाडीत बसून निघून जाईल. मी त्याच्या जागी असते तर गेले असते. तो गेला नाही. जेवायला बसला. वाढणाऱ्याला त्याने भाजी परत मागितली. समोरच्या पंगतीत टोप काढून ठेवलेला अरुण भातात बोटं फिरवत होता.

मला पैज लावायची झाली असती तर मी लावली असती की आज पद्माकर ओंकारचं नाव काढणार नाही. मी हरले असते. ताक येईपर्यंत त्याने कसंबसं धरलं.

"लहू, झालं ते झालं. आम्हाला काय माहीत होतं? आता बघ, आपला ओंकार... डिप्लोमा झालाय, मेकॅनिकल. दोन वर्षं..."

"पद्माकर!" मी ओरडले.

"अगं, विचारायला काय जातंय?"

लहूने हात धुतले, रुमालाला पुसले. "मुलगा कुठाय?"

ओंकार पुढे आला. घाबरलेला, कानापर्यंत लाल. टाळूवर अंबाडा. लहूने त्याला दोन-तीन प्रश्न विचारले, मापाबद्दल, वेल्डिंगबद्दल. पोराने उत्तरं बरी दिली. त्याला खरंच येत होतं काहीतरी.

"सोमवारी ये," लहू म्हणाला. "पण शेडमध्ये ग्राइंडर फिरतात. केस बारीक लागतात. आजच कापून घे."

ओंकारचा हात अंबाड्याकडे गेला. "कुठं कापू, काका?"

"कुठंही जा. तुला कुणीही कापून देईल."

पद्माकर लहूच्या पाया पडायला वाकला. लहू दोन पावलं मागे सरकला आणि गाडीकडे चालू लागला.

मी त्याच्या मागे गेले. उन्हात पायाला चटके बसत होते, कारण चपला हॉलबाहेर दुसऱ्याच दाराला राहिल्या होत्या. तो गाडीचं दार उघडून आतली गरम हवा निघायची वाट बघत थांबला होता. मी म्हणाले, "लहू, ती यादी."

"हां."

इथे मला वाचणाऱ्यांना सांगायला हवं. नववीत त्या दिवशी टाकसाळे सर वर्गाच्या दारात उभे राहिले होते. त्यांनी बोटाने पोरं मोजली आणि म्हणाले, "सहा हिप्पी दिसतायत मला. कुलथे, सहाच्या सहा नावं लिहून ऑफिसात आण." आणि निघून गेले. सहा कोण ते मला ठाऊक होतं. त्यातला सहावा अरुण होता. आम्ही एकाच घरात राहायचो, एकाच चुलीवरचं खायचो. अरुणचे केस असे कापले गेले असते तर काकाने त्याला पट्ट्याने फोडला असता आणि काकूने वर्षभर माझं ताट आपटलं असतं. लहू दाराच्या मागच्या कोपऱ्यात बसायचा. तिथून सरांना तो दिसतच नव्हता. त्यांच्या सहांत तो नव्हता. पण कान झाकलेले होते, नाव चालून गेलं असतं. लहूचं नाव लिहिल्याने माझ्या घरात कुणी ताट आपटणार नव्हतं, त्याच्या घरून कुणी शाळेत भांडायला येणार नव्हतं. चौदा वर्षांची होते, पण सोनाराची पोर. कुठल्या बाजूला घट, म्हणजे तूट, कमी येईल, ते मी एका क्षणात तोललं होतं.

"सहावं नाव अरुणचं होतं," मी म्हणाले. "मी तुझं लिहिलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"पाच नावं लिहिताना तू पाच वेळा मान वळवून बघितलंस. कान झाकलेत का, बघायला. सहावं लिहिताना मान खालीच होती."

त्याने पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं होतं.

"मग फोनवर बोलला का नाहीस?"

"यादी म्हटलं होतं की मी. तू म्हणालीस, कसली यादी?" त्याने सीटवरचं ऊन हाताने चाचपलं आणि आत बसला. "तुम्ही लोक माझी गोष्ट सांगत होतात इतकी वर्षं. वाटलं, एकदा आपणच सांगून यावी. पाय भाजतील, आत जा."

गाडी फाटकाबाहेर गेली. मी परत हॉलमध्ये आले तेव्हा पद्माकर पानाचं ताट घेऊन फिरत होता, डोळ्यांत पाणी आणि तोंडात विडा. माझा संताप कुणावर तरी निघायला हवा होता आणि तो समोर होता.

"आचाऱ्याचे किती राहिलेत ते सांग," मी म्हणाले. "माझा वाटा आत्ता घे. मला तुझ्या ग्रुपमध्ये राहायचं नाही."

"काही राहिलं नाही."

"कुणी दिले?"

"लहूनं. चार दिवस आधीच पाठवले." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो दचकला. "मीच म्हटलं त्याला. तुझ्याच सन्मानाचा कार्यक्रम आहे, म्हटलं. नाही म्हणाला नाही तो."

याला आता आठ वर्षं झाली. ओंकार अजून तिथेच आहे, सुपरवायझर झाला, लग्नही त्या नोकरीवरच जमलं. पद्माकरला वर्तमानपत्रातला फोटो मिळाला. त्यात तो मधोमध आहे आणि लहू अर्धा कापला गेलाय. अरुणचे त्या दिवशी मी वाचवलेले केस तसेही टिकले नाहीत. टाकसाळे सर पुढच्या पावसाळ्यात गेले. जाण्याआधी त्यांनी खडकवाडीला कुणाला तरी पाठवून बाबू खंडागळ्याचा पत्ता विचारला होता, पण तो गेल्याला वीस वर्षं झाली होती. मला त्या वेळी ऑफिसात शाबासकी मिळाली होती, सहाच्या सहा नावं शुद्ध लिहिली म्हणून.

घेणारे हे एवढे. देणारा शोधायला फार लांब जावं लागत नाही. नववीचं वर्ष लहूने दिलं, दहावीही त्याचीच गेली, पद्माकरच्या पोराला नोकरी त्याने दिली, आणि त्या दिवशी आम्ही चाळीस माणसं जे जेवलो, त्याचेही पैसे त्याचेच होते, बासुंदीसकट.

बासुंदी मी दोनदा घेतली होती.